पांढरी, हिरवी आणि दोन रिकामे कॅन

तांकिसो मला पहिल्यांदा भेटला तेव्हा मला त्याचे फक्त गमबूट दिसले.

कारण मी एका पिकअपच्या खाली उताणी पडले होते. मफेटेंगला जाणाऱ्या रस्त्यावर जुन्या गाड्या विकणाऱ्याचं एक आवार आहे. तिथे पीचच्या झाडाखाली दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक पांढरी पिकअप आणि एक तिच्याहून वयाने मोठी हिरवी एसयूव्ही. झाड ऐन बहरात होतं, आणि वारा आला की गुलाबी पाकळ्या दोघींच्या टपावर पडत होत्या. कोणालाही प्रेमात पडावंसं वाटेल अशी सकाळ होती. मी मात्र चासीला गंज लागलाय का ते नखाने खरवडून बघत होते. गाडीला वरून रंग कोणीही मारतं, खरं काय ते खालून कळतं.

तेवढ्यात ते चिखलाचे गमबूट आले आणि माझ्या डोक्याशी थांबले.

"ताई," वरून आवाज आला, "ही पिकअप तुम्हाला नकोय."

"का? तुम्हाला हवीय?"

"छे. तुम्हाला ती शेजारची हिरवी हवीय."

मी सरपटत बाहेर आले. त्याच्या खांद्यावर राखाडी कांबळं, त्याला मोठी पिन लावलेली, आणि डोळ्यांत हसू. माझ्या केसांत पाकळ्या होत्या आणि गालावर ग्रीसचा पट्टा होता, हे मला घरी आरशात कळलं. त्याला तेव्हाच दिसत होतं. पण तो नुसता बघत राहिला...

"हिरवी कोणाची आहे?" मी विचारलं.

"माझी. म्हणजे थोरल्या भावाची होती. तो खाणीवर गेला आणि मला देऊन गेला."

"अस्सं! म्हणजे सल्ला फुकटचा नाही."

तो मोठ्याने हसला. आमच्याकडे कुळांना प्राण्यांची नावं असतात; नवीन माणसाला विचारतात तेच मग त्याने विचारलं, "कूळ कोणतं तुमचं?"

"ससा. तुमचं?"

"सिंह." त्याने कांबळं सारखं केलं. "सशांना पण गाडी लागते होय? मला वाटलं तुम्ही धावत जाता."

"सिंहाने मागे लागावं, मग धावते," मी म्हणाले. बोलून गेले आणि मलाच जीभ चावावीशी वाटली. पण मागे घेतलं नाही. बोललेलं मी सहसा मागे घेत नाही.

आता माझं थोडं सांगते. मी केनेवे. सहा वर्षं राजधानीत, मसेरूच्या कपड्यांच्या कारखान्यात, जीनच्या पँटचा उजवा खिसा शिवला. फक्त उजवा. डावा माझ्यासमोर बसणारी शिवायची. एक दिवस वाटलं, आपण म्हातारे होऊ आणि पूर्ण पँट कधी शिवलीच नाही असं होईल. मग नोकरी सोडली आणि मफेटेंगला मावशीकडे आले. इथल्या डेअरीला डोंगराच्या बाजूचं दूध हवं होतं, पण आणणारं कोणी नव्हतं. डेअरीच्या मॅनेजरबाईंनी मला सरळ सांगितलं, "गाडी आण, तो मार्ग तुझा. पण कॅन रोज भरलेले पाहिजेत. आठवडाभर कमी पडले तर मार्ग दुसऱ्याला देईन." म्हणजे गाडी चुकली तर मार्ग गेला, आणि मार्ग गेला तर परत उजवा खिसा. म्हणून मी त्या दिवशी गुलाबी पाकळ्यांकडे बघत नव्हते.

"दोन्ही गाड्या माझ्या वाटेवरून चालवून बघते," मी म्हणाले. "मग ठरवीन."

"कुठवर जाते तुमची वाट?"

"नदीवरच्या फरशी-पुलापर्यंत. पलीकडे चढ आहे म्हणतात."

"पलीकडे माझं गाव आहे," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजातली मस्करी थोडी कमी झाली. "हा-सेकेटे. दुधाला तोटा नाही, पण गाडी कधी वर येत नाही. ही हिरवी येते. तुम्ही हिला घ्या, त्या पैशांत मी आणखी दोन गाई घेतो, त्यांचं दूध तुम्ही हिच्यातूनच न्या. बघा, दोघांचं भलं."

"बघते," मी म्हणाले.

मी डेअरीतून चार कॅन आणले होते; ते आम्ही नळाच्या पाण्याने भरले आणि दोन-दोन प्रत्येक गाडीत ठेवले. "सुरुवातच पाण्याने?" तो म्हणाला. "डेअरीवाल्यांना सांगू का?" मी त्याच्याकडे दुर्लक्ष करून पांढरीत बसले. तो हिरवीत. आवारातून निघताना त्याने मला हाताने आधी जायची खूण केली, आणि मग पुढच्या वळणावरच हॉर्न वाजवत मला मागे टाकलं.

डांबरी रस्त्यावर पांढरी मस्त पळाली. खडीच्या रस्त्यावर मात्र तिने माझी हाडं खिळखिळी केली. ट्रकसारखे कडक पाटे होते तिला. हौद्यात ओझं असलं की शहाण्यासारखी चालते, रिकामी असली की उड्या मारते. फरशी ओलांडून मी चढाला लावली तर मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. माती उडाली, गाडी तसूभर हलली नाही. वर हिरवी आरामात चढून गेली होती आणि तिचा मालक दगडावर बसून कणीस खात होता.

"येताय ना?" तो वरून ओरडला.

"येते! वाट बघा!"

"बघतोच आहे!"

मग आम्ही गाड्या बदलल्या. हिरवीत बसल्यावर मला कळलं की तो खोटं बोलत नव्हता. चारही चाकांना जोर होता, खड्डे कळत नव्हते, सीटला जुन्या लोकरीचा वास होता. पण खालच्या वळणावर मागे एक कॅन आडवा झाला आणि सगळं पाणी गालिच्यात मुरलं.

मी फरशीपाशी उतरले, मागचं दार उघडलं आणि त्याला बोलावलं. "आज पाणी आहे. उद्या दूध सांडलं तर?"

त्याने वाकून पाहिलं. "तर परवा त्या वासात तुम्ही गाडीत एकट्याच बसाल," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

"आणि डिझेलचा काटा बघितलात? इथवर येईपर्यंत एवढा खाली?"

"ती जरा... पिणारी आहे. माझ्या मामांसारखी. पण मनाने चांगली आहे."

हसू येत होतं, पण मी ते दाबलं. "हे बघा. ही गाडी माणसांसाठी आहे. मला कॅन न्यायचेत. पांढरीचा हौदा पाण्याच्या पाइपने धुता येतो, दुप्पट कॅन मावतात आणि ती कमी पिते. मी पांढरी घेणार."

त्याने मागचं दार लावलं. नदीचं पाणी फरशीवरून पातळ वाहत होतं. मग त्याने विचारलं, "आणि वरच्या माणसाचं दूध?"

"वरच्या माणसाने खाली यावं," मी म्हणाले. "मी रोज उजाडता उजाडता इथे असेन."

"रोज?"

"रविवार धरून."

तो माझ्याकडे बघत राहिला, आणि मग एकदम हसला. इतका मोठा तोटा होऊन एवढं हसणारा माणूस मी पाहिला नव्हता.

दुसऱ्याच आठवड्यापासून तो फरशीवर यायला लागला. एक गाढव, गाढवाच्या दोन्ही बाजूंना दोन कॅन, आणि मागून शीळ घालत तांकिसो. माझ्या आधी पोचायचा, तरी म्हणायचा, "आज उशीर झाला ताईंना."

त्याचे दोन कॅन माझ्या हौद्यातला शेवटचा कोपरा भरायचे. ते चढवले की पांढरीचे पाटे जरा दबायचे आणि डेअरीपर्यंत ती गुणी मुलीसारखी चालायची. मी घरून माक्वेन्या, म्हणजे पिठाचे फुगलेले गोळे, तळून आणायचे, गरम असतानाच कागदात गुंडाळलेले. म्हणायचे, "जास्त झालेत, खाऊन टाका." रोज कसे जास्त होतात, हे त्याने कधी विचारलं नाही. तो झाकण उघडून मला वरचा फेस दाखवायचा, जणू गाईने नाही, त्यानेच दूध दिलं होतं. एकदा पाऊस लागला तेव्हा त्याने स्वतःचं कांबळं काढलं. मला वाटलं, आता माझ्या खांद्यावर टाकेल... त्याने ते कॅनवर टाकलं.

"माझ्यावर नाही?" मी विचारलं.

"तुला थंडी वाजली तर तू सांगशील," तो म्हणाला. "दूध सांगत नाही."

'ताई' कधी गळून पडलं, 'तुम्ही' कधी गेलं, ते मला त्या क्षणी कळलं. त्यालाही कळलं असावं, कारण तो गाढवाचा पट्टा उगाचच पुन्हा आवळायला लागला. मी भिजले. घरी येऊन शिंकले. आणि दिवसभर कारण नसताना हसत होते, हेही सांगून टाकते.

"हिरवी विकली का?" मी मधूनमधून विचारायचे.

"गिऱ्हाईकच नाही गं. लोकांना चांगल्या गाडीची पारख नाही," तो म्हणायचा, आणि तिरक्या नजरेने माझ्या पांढरीकडे बघायचा.

झाडांचा बहर गळाला, हिरवी पीच लागली, मग त्यांच्या गालावर लाली चढायला लागली. आणि एका सकाळी तांकिसो फरशीवर आला तो रिकामे कॅन घेऊन.

"आज दूध नाही," तो म्हणाला.

"का? गाय आजारी आहे?"

"नाही."

"मग?"

तो माझ्याकडे बघत राहिला. काहीतरी मोठं सांगितल्यासारखा चेहरा करून. मी वाट पाहिली. मग तो हसून, गाढव वळवून निघून गेला.

दुसऱ्या दिवशीही रिकामे. तिसऱ्या दिवशीही. त्याच चेहऱ्याने, तेच हसू. मला वाटलं, आता याचं डोकं ठिकाणावर आहे का? डेअरीत मॅनेजरबाईंनी हौद्यातल्या रिकाम्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "केनेवे, दोन कॅन रोज कमी आहेत. मी काय सांगितलं होतं ते आठवतंय ना? एक मोठा ट्रकवाला माझ्या दारात येऊन बसतो हल्ली."

ट्रकवाल्याचा विषय निघाला आणि माझ्या मनात दुसराच विचार आला. तांकिसो आपलं दूध त्याला तर घालत नसेल? मग ते हसू कसलं होतं? मला इतका राग आला की मी गाडीचं दार धाडकन आपटलं. आणि रागाच्या खाली दुखत होतं, ते वेगळंच. मार्ग गेला असता तर मी रडले नसते, दुसरा शोधला असता. पण त्या माणसाने मला फसवलं असेल तर... तर काय करायचं, हे मला ठाऊक नव्हतं.

मी गाडी वळवली ती सरळ डोंगराकडे.

पाऊस भुरभुरत होता. फरशीपाशी थांबून मी चढाकडे पाहिलं. लाल माती, साबणासारखी ओली. पहिल्या दिवशी कोरडी असताना चढली नव्हती. पण पहिल्या दिवशी हौद्यात दोनच कॅन होते. मी बाह्या वर केल्या आणि हौद्यातला एकेक रिकामा कॅन नदीच्या पाण्याने भरला, बादलीने, एकामागून एक. मागची चाकं जमिनीला चांगली टेकली. मग पहिला गिअर टाकला, पाय हलका ठेवला आणि पांढरीला म्हणाले, "चल बाई. लाज राख."

ती चढली. दोनदा घसरली, एकदा तिरकी झाली, पण चढली.

हा-सेकेटेच्या पहिल्याच घरासमोर हिरवी उभी होती, स्वच्छ पुसलेली. अंगणात, छपराच्या वळचणीखाली, एक बाई शेंगा सोलत बसली होती. गावात सगळे तिला मा-तांकिसो म्हणतात, म्हणजे तांकिसोची आई. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, मग चिखलाने माखलेल्या पिकअपकडे पाहिलं.

"ये, बस," ती म्हणाली. "आमची गाडी नाकारणारी ती तूच ना?"

"मावशी, तुमच्या गाई आजारी आहेत का?"

"गाईंना काय धाड भरलीय? ठणठणीत आहेत. वासरं बघ जरा."

मी पाहिलं. दगडी कुंपणाशी वासरं उभी होती, पोटं टम्म, डोळे झोपाळलेले.

"मग दूध कुठे जातं?"

"वासरं पितात."

"सगळं?"

"सगळं. माझा मुलगा पहाटे उठतो, वासरं मोकळी सोडतो आणि दगडावर बसून बघत राहतो. एक थेंब काढत नाही."

"पण का?"

तिच्या हातातली शेंग थांबली. "तुझ्या आईने तुला काहीच सांगितलं नाही का गं? आपल्याकडे पोराला लग्न करायचं असलं तर तो आईबापाला तोंडाने सांगत नाही. लाजतो. वासरं सोडतो. सकाळी घरात दूध नसलं की मोठ्यांनी समजायचं."

माझे कान तापले. पावसात उभी होते, तरी तापले.

"तुम्हाला... कळलं होतं?"

"पहिल्याच दिवशी. बिनदुधाचा चहा प्यायले तेव्हाच."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"पोरगी कोण, ते कळायला नको? विचारलं तर म्हणतो, जिने आपली गाडी घेतली नाही, ती." तिने शेंगांचं भांडं खाली ठेवलं. "आणि गाडी घ्यायला का कोणी आलं नव्हतं? दोघं येऊन गेले. दोन्ही वेळा याची किल्ली हरवली. याच्याच गमबुटात सापडली मला."

मी हिरवीकडे पाहिलं. ती पावसात चमकत उभी होती. राग कुठे गेला कोण जाणे... त्याच्या जागी मोठं काहीतरी भरून आलं.

तेवढ्यात गोठ्यामागून शीळ आली आणि शिळेमागून तांकिसो. मला बघून तो जागीच थांबला. मग त्याने पिकअपकडे पाहिलं, मग चढाकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"ही... वर आली?"

"पाण्याने भरून आणली. तांकिसो, दोन कॅन कमी पडतात म्हणून डेअरी माझा मार्ग काढून घेणार आहे. ठाऊक आहे तुला?"

त्याचा चेहरा उतरला. "नाही," तो हळूच म्हणाला. "देवाशपथ नाही. मला वाटलं, तुला कळेल. सगळ्या गावाला कळलं. गाढवाला कळलं असेल."

"मी मसेरूत पत्र्याच्या खोलीत वाढले. आमच्याकडे दूध पिशवीतून यायचं. पिशवी मोकळी सोडता येत नाही!"

मा-तांकिसो पदर तोंडाला लावावा तसं कांबळ्याचं टोक तोंडाला लावून हसायला लागली आणि उठून घरात गेली. दार तिने लावलं नाही.

"वासरांची भाषा मला येत नाही," मी म्हणाले. "तोंडाने सांग."

पहिल्या दिवशी मी गाडीखाली असताना ज्याची जीभ थांबत नव्हती, तो आता टोपी काढून हातात फिरवत उभा होता.

"केनेवे... म्हणजे... तो चढ." तो थांबला. "रोज उतरतो तेव्हा मला तो कळत नाही. परत जाताना फार लांब वाटतो. गाढवाला तेवढाच, मला मात्र लांब. मग मी विचार केला, असं का होतं? तर... खाली तू असतेस." त्याने वर पाहिलं. "मला तू हवीस. इथे. किंवा तिथे. तू जिथे म्हणशील तिथे. पण परत एकट्याने चढायला नको."

मी रडणारी बाई नाही. कारखान्यात सुई बोटातून आरपार गेली तेव्हाही रडले नव्हते. त्या अंगणात मात्र डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत. पाऊस होताच, कोणाला काय कळणार होतं! त्याला कळलं. या वेळी त्याने कांबळं काढलं आणि माझ्याच खांद्यावर टाकलं. त्याला दुधाचा, धुराचा आणि लोकरीचा वास होता. मला तो गेले कित्येक दिवस घरी घेऊन जायचा होता.

"एक सांगते," मी नाक ओढत म्हणाले. "ती हिरवी विकायची नाही."

"का? तुला तर ती नको होती."

"कॅनसाठी नको होती. तुझे मामा-काका माझ्या घरी बोलणी करायला कशातून येणार? माझ्या हौद्यात उभे राहून?"

तो बघतच राहिला. समजायला त्याला दोन श्वास लागले, आणि समजलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते मी अजूनही कधीकधी डोळे मिटून बघते.

"आणि लग्नाच्या रिवाजाने तुझ्या घरी द्यायच्या गाई?" त्याने विचारलं. आवाजात मस्करी परत आली होती. "त्या चालत नेऊ?"

"त्या पांढरीतून. गाई चढवल्या की ती फार शहाण्यासारखी चालते."

"म्हणजे दोन्ही लागणार."

"दोन्ही लागणार," मी म्हणाले, आणि त्याचा हात धरला.

घरातून मा-तांकिसोचा आवाज आला. चहाचं भांडं आपटल्याचाही आला.

"अरे, ठरलं असेल तर आता तरी वासरं बांधा!"